सायबर ग्रीन वन : समुद्रातले जिवाणू मोजणाऱ्या रंजकाचे परीक्षण

समुद्राच्या पाण्यातले जिवाणू फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून लेसरसमोरून नेऊन त्यांचा प्रकाश वाचणाऱ्या यंत्रावर, मोजण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करते आहे. या काळात यंत्रे बदलली, लेसर बदलले, आलेख काढणारी सॉफ्टवेअर बदलली; पण नमुन्यात मिसळायचे रंजक मात्र एकच राहिले. सायबर ग्रीन वन हे त्याचे नाव. अर्धा मिलिलिटर नारिंगी द्रव असलेली त्याची छोटी कुपी नेहमीच्या प्रमाणात वापरली, तर एकेक मिलिलिटरच्या पाच हजार नमुन्यांना पुरते. माझे मत आधीच सांगून टाकते. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेसर असलेल्या यंत्रावर समुद्रातील जिवाणूंची एकूण संख्या काढायची असेल, तर याच्यापेक्षा भरवशाचे रंजक मला आजवर सापडलेले नाही. मात्र ते जेवढे सांगते त्याहून अधिक त्याच्याकडून वदवून घेण्याचा मोह अनेकांना होतो आणि चुकांना सुरुवात तिथूनच होते, म्हणून या परीक्षणात त्याच्या गुणांइतकीच जागा त्याच्या मर्यादांनाही दिली आहे.

रंजकाची गरज का पडते, हे आधी पाहायला हवे. समुद्राच्या वरच्या थरातील एका मिलिलिटर पाण्यात साधारणपणे पाच ते दहा लाख जिवाणू असतात आणि त्यांतले बहुसंख्य अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासचे किंवा त्याहूनही लहान असतात. समुद्रात जवळपास सर्वत्र आढळणाऱ्या सार-११ गटातला पेलॅजिबॅक्टर घेतला, तर त्याचा जनुकसंच सुमारे १३ लाख आधारजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या शिडीतल्या तेवढ्या पायऱ्यांचा, आहे. म्हणजे त्याच्या एका पेशीतले डीएनए दीड फेमटोग्रॅमही भरत नाही. माणसाच्या एका पेशीत याच्या जवळजवळ पाच हजार पट डीएनए असते, आणि फ्लो सायटोमीटर हे यंत्र वाढले ते मुख्यतः रक्तपेशींसारख्या मोठ्या पेशींच्या कामासाठी. इतक्या लहान जिवाणूवरून विखुरलेला प्रकाश यंत्रातल्या मूळच्या गोंगाटातच हरवून जातो. प्रोक्लोरोकॉकस हा अतिसूक्ष्म प्रकाशसंश्लेषी जिवाणू १९८८ मध्ये जहाजावर नेलेल्या फ्लो सायटोमीटरमुळे जगापुढे आला, तो त्याच्या क्लोरोफिलच्या लाल चमकेमुळे. आयत्या सेंद्रिय द्रव्यावर जगणाऱ्या, म्हणजे परपोषी, जिवाणूंजवळ असे कोणतेही स्वतःचे रंगद्रव्य नसते. त्यांना दिसते करायचे, तर प्रत्येक पेशीत हमखास असणाऱ्या गोष्टीला, म्हणजे डीएनएला, चमक द्यावी लागते.

हे काम पूर्वी होत नव्हते असे नाही. पेट्रीबशीत वसाहती वाढवून समुद्रातले जिवाणू मोजले, तर त्यांतला एक टक्काही सहसा हाती लागत नाही, हे बरेच आधी लक्षात आले होते. १९७७ मध्ये ॲक्रिडीन ऑरेंज आणि काळा रंग दिलेला पॉलिकार्बोनेटचा गाळणकागद यांची पद्धत रूढ झाली आणि १९८० मध्ये डॅपी हे रंजक त्यात आले. माझी उमेदवारी डॅपीवरच झाली. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली निळे ठिपके पाहत एकेक चौकट मोजायची, बोटाखालचा मोजणीचा खटका दाबत राहायचे, आणि एका नमुन्याचे दोन-तीनशे ठिपके होईपर्यंत उठायचे नाही, असा तो क्रम होता. ती पद्धत आजही खोटी ठरलेली नाही. डॅपीखाली पेशीचा आकार डोळ्यांनी दिसतो, दोन पेशी चिकटलेल्या असतील तर कळते, गाळाचा कण आहे की जिवाणू हे अनुभवी नजरेला ओळखता येते, आणि म्हणून शंका आली की मी अजूनही गाळणकागद काढते. पण एका सागरी सफरीत तीन-चारशे नमुने जमले, की हाताने मोजण्यात महिने जातात, आणि दमलेल्या डोळ्यांची संध्याकाळची मोजणी सकाळच्या मोजणीशी जुळत नाही.

फ्लो सायटोमीटरवर समुद्री जिवाणू रंगवून मोजण्याचा मार्ग १९९३ च्या सुमारास हेक्स्ट ३३३४२ या रंजकाने मोकळा केला. परंतु त्याला अतिनील लेसर लागत असे, आणि त्या काळातला असा लेसर म्हणजे भरपूर वीज खाणारे, पाण्याने थंड ठेवावे लागणारे अवजड धूड होते. ते जहाजावर नेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. निळ्या प्रकाशावर चालणारी रंजके आली तेव्हा हे चित्र पालटले. फ्रान्समधल्या रॉस्कॉफ येथील सागरी जीवशास्त्र केंद्रात दोमिनिक मारी, दानिएल वोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये योयो-१, यो-प्रो-१ आणि पिकोग्रीन ही रंजके तपासली आणि १९९७ मध्ये सायबर ग्रीन वनची पद्धत प्रसिद्ध केली. हवेने थंड होणाऱ्या, १५ मिलिवॅटच्या साध्या लेसरवर टेबलावर मावणारे यंत्र हेच काम करू लागले. आज आपण जी कृती अगदी सहजपणे करतो, तिचा सांगाडा बहुतांशी त्याच लेखातला आहे.

या रंजकाचा सर्वांत मोठा गुण असा, की पाण्यात सुटे असताना ते जवळजवळ मुके असते आणि दुपदरी डीएनएला बिलगले की त्याची प्रतिदीप्ती, म्हणजे लेसरच्या प्रकाशाने उठणारी चमक, हजार पटींच्या आसपास वाढते. हा गुण कागदावर वाचताना किरकोळ वाटतो, पण याच्यामुळे नमुना धुवावा लागत नाही. अर्ध्या मायक्रोमीटरच्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचे पाणी ओतून, पुन्हा द्रवात मिसळून धुवायच्या म्हटल्या, तर किती पेशी वाटेत गळाल्या याचा हिशेब कोणालाच देता येणार नाही. इथे रंजक घालायचे, अंधारात ठेवायचे आणि तीच नळी यंत्राला लावायची. त्याचे शोषण ४९७ नॅनोमीटरला आणि उत्सर्जन ५२० नॅनोमीटरला सर्वाधिक असते, त्यामुळे ४८८ चा लेसर आणि ५३० च्या आसपासचा हिरवा प्रकाश-फिल्टर ही जवळपास प्रत्येक यंत्रात असलेली जोडी त्याला चपखल बसते. क्लोरोफिलची चमक लाल असल्याने ती यंत्राच्या वेगळ्या रंगाच्या मार्गिकेत पडते आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाचता येतात. डॅपी आणि हेक्स्ट जसे अॅडेनिन-थायमिनच्या जोड्यांना झुकते माप देतात, तसा ठळक पक्षपात सायबर ग्रीन वनमध्ये मला जाणवलेला नाही, आणि जिवाणूंच्या मिश्र समुदायासाठी ही मोठी सोय आहे.

आता कुपी उघडताना काय होते ते सांगते, कारण माझी सर्वांत महागडी चूक तिथेच झाली. हे रंजक डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये, म्हणजे डीएमएसओमध्ये, दहा हजार पट तीव्रतेने विरघळवलेले येते. डीएमएसओ साडेअठरा अंश सेल्सियसच्या आसपासच गोठते. त्यामुळे उणे २० अंशांतून बाहेर काढलेली कुपी थंडगार प्रयोगशाळेत बराच वेळ घट्टच राहते, आणि ती वितळताना कडेचा भाग आधी पातळ होतो व मधला नारिंगी खडा तसाच उरतो. एकदा एका सफरीत, वातानुकूलित खोलीतल्या गारठ्यात, मी अशा अर्धवट वितळलेल्या कुपीतून पिपेटने वरचे पातळ द्रव उचलले आणि दिवसभराचे पातळ मिश्रण बनवले. त्या दिवशीचे सगळे नमुने आलेखावर खाली सरकलेले दिसले आणि कमी डीएनएवाल्या जिवाणूंचा ढग, म्हणजे आलेखावरच्या त्यांच्या ठिपक्यांचा पुंजका, खालच्या गोंगाटाला जाऊन भिडला. सकाळपासून मी पाण्यातला बदल शोधत होते; बदल होता तो कुपीत. दुसऱ्या दिवशी तीच कुपी हातात धरून पूर्ण वितळवली, चांगली हलवली, क्षणभर फिरवून थेंब तळाशी आणले, आणि ढग आपल्या जागी परतले. तेव्हापासून नवी कुपी आल्या आल्या दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करून गडद नळ्यांत ठेवते आणि वापरातली नळी पुन्हा गोठवत नाही. शंभर पट तीव्रतेचे मधले मिश्रणही मी डीएमएसओमध्येच करते, कारण नुसत्या पाण्यात पातळ केलेले रंजक लवकर कमजोर पडते आणि प्लास्टिकच्या भिंतींना चिकटूनही बसते.

नमुना टिकवण्याची कृती रंजकाइतकीच निर्णायक आहे, पण ती थोडक्यात सांगते. मी एक टक्का पॅराफॉर्मल्डिहाइड आणि ०.०५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड यांचे मिश्रण घालून नमुना दहा ते पंधरा मिनिटे अंधारात ठेवते, मग द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवते आणि उणे ८० अंशांत ठेवते. ग्लुटाराल्डिहाइड वाढवले तर त्याची स्वतःची हिरवी झाक वाढते, म्हणून त्यावर हात राखावा. मोजायच्या वेळी नमुना वितळवून त्यात रंजक दहा हजारास एक या अंतिम प्रमाणात घालायचे आणि खोलीच्या तापमानाला, अंधारात, पंधरा मिनिटे थांबायचे. पाच मिनिटांत ढग दिसू लागतात हे खरे, परंतु ते अजून वर चढत असतात. त्या घाईत वाचलेला नमुना आणि वीस मिनिटांनी वाचलेला नमुना एकमेकांशी ताडून पाहण्याजोगे राहत नाहीत. चाळीस नळ्या एकदम रंगवून ठेवण्यापेक्षा आठ-आठ नळ्यांच्या पाळ्या लावलेल्या बऱ्या.

या रंजकाची खरी किंमत पडद्यावर कळते. आडव्या अक्षावर बाजूला विखुरलेला प्रकाश, उभ्या अक्षावर हिरवी प्रतिदीप्ती, दोन्ही लॉगरिदमी मापात, आणि यंत्राचा थ्रेशोल्ड, म्हणजे नोंद घेण्याची किमान पातळी, विखुरलेल्या प्रकाशावर न ठेवता हिरव्या प्रतिदीप्तीवर ठेवलेला. नळी लावल्यावर पहिले काही क्षण सगळे विस्कळीत असते. मग प्रवाह स्थिरावतो आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात गोंगाटाची पट्टी, तिच्या वर एक घट्ट, आडवा पसरलेला ढग, त्याच्याही वर दुसरा, थोडा सैल ढग, आणि उजवीकडे उंचावर मापासाठी घातलेल्या एक मायक्रोमीटरच्या मण्यांचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका अशी मांडणी उमटते. चांगल्या नमुन्यात त्या दोन ढगांमधली खिंड इतकी स्वच्छ असते, की सीमारेषा कुठे काढायची हे विचारावे लागत नाही. एका मिनिटात हजारो पेशी वाचून होतात. ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली दोनशे ठिपके मोजण्यात अर्धा तास घालवला आहे, त्याला हा पडदा पहिल्यांदा पाहताना काय वाटते, ते मी स्वतः अनुभवले आहे. त्या पहिल्या रात्री जहाजावर पृष्ठभागापासून खोलवरच्या पाण्यापर्यंतच्या बाटल्यांचे नमुने मी ओळीने लावले, आणि जसजशी खोली वाढत गेली तसतसे ढग विरळ होत गेलेले समोर दिसले. पहाटेपर्यंत त्या स्थानकाचा जिवाणूंचा उभा आलेख हातात होता आणि पुढच्या स्थानकावर कोणत्या खोलीचे पाणी घ्यायचे हे त्यावरून ठरवता आले.

खारेपणाच्या बाबतीत सायबर ग्रीन वनने माझ्याकडून सर्वाधिक गुण मिळवले आहेत. अनेक न्यूक्लिक आम्ल रंजके क्षारांपुढे नांगी टाकतात, कारण समुद्रपाण्यातले आयन डीएनएवरचा ऋणभार झाकतात आणि रंजकाला जागा मिळणे अवघड करतात. योयो-१ आणि यो-प्रो-१ साठी तर नमुना मोठ्या प्रमाणात गोड्या द्रावणात पातळ करावा लागतो. पिकोग्रीन थोडे अधिक सहनशील आहे, तरी तेही निव्वळ समुद्रपाण्यात मनासारखे चमकत नाही. विरळ जिवाणूंच्या खोल पाण्याचा नमुना आणखी दहा पट पातळ करणे म्हणजे मोजणीचा वेळ दहा पट वाढवणे होय. सायबर ग्रीन वन पूर्ण खाऱ्या पाण्यातही काम देते. मूळ पद्धतीत सोबत ३० मिलिमोलर पोटॅशियम सायट्रेट घालायला सांगितले आहे आणि मी ते वगळत नाही; सायट्रेट घातलेल्या आणि न घातलेल्या नळ्या शेजारी शेजारी लावल्या की ढग किती आखीव होतात यातला फरक दिसतो. किनाऱ्याजवळच्या दाट पाण्याला मात्र मी टीई बफरमध्ये (ट्रिस आणि ईडीटीए यांच्या द्रावणात) पातळ करते, कारण तिथे जिवाणू इतके असतात की दोन पेशी एकाच वेळी लेसरसमोर येऊन एक म्हणून मोजल्या जाण्याची भीती असते. सेकंदाला हजारांहून कमी नोंदी हा माझा नियम आहे.

सिटो १३ या दुसऱ्या रंजकाचीही मी बरीच चाचणी घेतली आहे आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे. ते जिवंत पेशीत सहज शिरते आणि गोड्या पाण्यात छान चालते. समुद्रपाण्यात मात्र माझ्या यंत्रावर त्याची चमक सायबर ग्रीन वनच्या मागे राहिली आणि खालचा ढग गोंगाटापासून सोडवताना कसरत करावी लागली. एकेक पेशी वेगळी काढून तिचा जनुकसंच वाचायचा असेल तर सिटो ९ सारखी रंजके वापरली जातात, आणि त्या कामासाठी मी सायबर ग्रीन वनची शिफारस करणार नाही. पण ते काम वेगळे आणि मोजणी वेगळी.

उणिवांकडे येताना पहिला मान गोंगाटाचा. रंजक कोणत्याही न्यूक्लिक आम्लाला चिकटते. ते जिवाणूच्या पोटातले आहे की पाण्यात तरंगणारे, असा विचार ते करत नाही. म्हणून ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढलेले समुद्रपाणी रंगवून, तो कोरा नमुना प्रत्येक पाळीच्या आधी आणि नंतर वाचणे अटळ आहे. त्या कोऱ्या नमुन्यातही खाली काही ठिपके उरतात, कारण विषाणू त्या गाळणीतून बिनदिक्कत पार होतात, आणि समुद्रात ते जिवाणूंच्या साधारण दहा पट असतात. यंत्र संवेदनशील असेल आणि थ्रेशोल्ड फार खाली नेला, तर विषाणूंची वरची किनार जिवाणूंच्या खालच्या ढगाला लागते. विषाणूच मोजायचे असतील तर कृती निराळी आहे, म्हणजे नमुना टीई बफरमध्ये बराच पातळ करायचा, रंजकाचे प्रमाण वीस हजारास एक ठेवायचे आणि ८० अंशांवर दहा मिनिटे तापवायचे. एकाच नळीत दोन्ही उरकण्याचा प्रयत्न मी करून पाहिला आहे; त्यात दोन्ही मोजण्या अर्ध्या राहतात.

दुसरी उणीव अधिक घातक आहे, कारण ती आकड्यांत लपते. उष्ण प्रदेशातल्या, पोषकद्रव्यांनी गरीब असलेल्या समुद्राच्या पृष्ठभागावर प्रोक्लोरोकॉकसमध्ये क्लोरोफिल फार थोडे असते, कारण तिथे ऊन मुबलक असते. त्याची लाल चमक इतकी मंद होते, की रंगवलेल्या नमुन्यात तो लाल मार्गिकेत वेगळा न दिसता जास्त डीएनएवाल्या ढगात मिसळून जातो. रंजकाच्या हिरव्या चमकेची शेपटीही लाल मार्गिकेत थोडी झिरपते आणि ते अंतर आणखी कमी करते. परिणामी परपोषी जिवाणूंची संख्या फुगते. शंभर मीटर खोलीवरच्या प्रोक्लोरोकॉकसमध्ये क्लोरोफिल भरपूर असते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही, आणि त्यामुळेच एखाद्याने पृष्ठभाग व खोल पाणी यांची तुलना केली तर खोटा उतार दिसतो. यावर एकच उपाय मला पटतो, तो म्हणजे तोच नमुना रंजकाविना, थ्रेशोल्ड लाल चमकेवर ठेवून, आधी वाचणे आणि त्यातला प्रोक्लोरोकॉकसचा आकडा वजा करणे. काम दुप्पट होते, पण त्याशिवायचा आकडा मी स्वीकारत नाही. अगदी उथळ थरात तर न रंगवलेल्या नमुन्यातही प्रोक्लोरोकॉकस अर्धवटच दिसतो. तेव्हा आकड्यासोबत ही अडचण नमूद करणे हाच प्रामाणिकपणा आहे.

आता त्या दोन ढगांच्या अर्थाविषयी. वरच्याला जास्त न्यूक्लिक आम्लाचा आणि खालच्याला कमी न्यूक्लिक आम्लाचा गट म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे मांडले गेले, की वरचा ढग म्हणजे कार्यरत जिवाणू आणि खालचा म्हणजे निष्क्रिय किंवा मरणपंथाला लागलेले. कल्पना सुटसुटीत होती, वापरायला सोपी होती, आणि ज्यांना पाण्याच्या जिवंतपणाचा एक आकडा हवा होता त्यांना ती फार आवडली. पुढे किरणोत्सारी अमिनो आम्ले देऊन, दोन्ही ढगांतल्या पेशी यंत्राने वेगळ्या काढून पाहिल्यावर खालच्या ढगातल्या पेशीही चांगल्या कार्यरत निघाल्या, आणि अटलांटिक महासागरातल्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्या ढगातल्या कार्यरत पेशींमध्ये सार-११ चे वर्चस्व दिसले. हे सहज समजण्यासारखे आहे. ज्याचा जनुकसंचच १३ लाख आधारजोड्यांचा आहे, तो कितीही धडधाकट असला तरी ४६ लाख आधारजोड्यांच्या ई. कोलायइतका चमकणार नाही. तरीही खालच्या ढगाला मेलेला ठरवणारी मांडणी अजून अधूनमधून वाचायला मिळते, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण समुद्रातला सर्वाधिक संख्येचा जिवाणूगट आपण एका सोयीच्या नावामुळे मृतांच्या यादीत टाकतो. रंजकाने फक्त एवढेच सांगितलेले असते, की या पेशीत न्यूक्लिक आम्ल इतके आहे.

जिवंत-मृत हा प्रश्न खरोखरच विचारायचा असेल, तर सायबर ग्रीन वनसोबत प्रोपिडियम आयोडाइड हे दुसरे रंजक घालण्याची २००१ पासूनची पद्धत आहे. प्रोपिडियम आयोडाइड फाटलेल्या आवरणातूनच आत शिरते आणि शिरले की हिरवी चमक दाबून लाल दाखवते. ही पद्धत ताज्या, न टिकवलेल्या नमुन्यावरच चालते, कारण अल्डिहाइडने मारलेल्या पेशीला जिवंत की मृत विचारण्यात अर्थ नाही. मी ती जहाजावरच, पाणी वर आल्यापासून तासाभरात करते. आवरण शाबूत असणे आणि पेशी जिवंत असणे या दोन गोष्टी एक नाहीत, पण निदान प्रश्न आणि उत्तर एकमेकांना धरून असतात.

गढूळ पाण्यात, विशेषतः नदीमुखाजवळ आणि तळाच्या गाळात, हे रंजक मला निराश करते. मातीच्या कणांवर चिकटलेले डीएनए, कुजणारे सेंद्रिय द्रव्य आणि कणांना बिलगलेले जिवाणू मिळून दोन्ही ढगांच्या मधल्या खिंडीत तिरकी पट्टी तयार करतात. तिथे मी थेट सूक्ष्मदर्शकाकडे वळते. सायबर ग्रीन वन गाळणकागदावरही उत्तम दिसते, १९९८ पासून विषाणू आणि जिवाणू एकत्र मोजण्यासाठी ते तसे वापरले जाते, फक्त प्रकाशाखाली ते लवकर फिके पडते, म्हणून फिकेपणा रोखणारे द्रावण सोबत लागते.

यंत्राच्या आरोग्याबद्दल एक सूचना. हे रंजक नमुन्याच्या नळीत रेंगाळते. रंगवलेल्या तीस नमुन्यांनंतर न रंगवलेला नमुना लावला, तर त्यातले जिवाणू थोडे हिरवे चमकतात, हे मी पाहिले आहे. म्हणून न रंगवलेल्या नमुन्यांची मोजणी दिवसाच्या सुरुवातीला करावी, आणि शेवटी पातळ ब्लीच व त्यामागून अतिशुद्ध पाणी काही मिनिटे सोडावे. हाताळणीच्या बाबतीत १९९९ मधल्या तपासणीत ते इथिडियम ब्रोमाइड या जुन्या डीएनए रंजकापेक्षा बरेच कमी उत्परिवर्तक ठरले, हे समाधानाचे आहे. परंतु डीएनएला बिलगणारा पदार्थ डीएमएसओत विरघळलेला आहे आणि डीएमएसओ त्वचेतून आत जाते, एवढे लक्षात घेऊन नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि सांडलेला थेंब तसाच सोडू नये.

माझी सर्वांत मोठी तक्रार कुपीवरच्या चिठ्ठीबद्दल आहे. तिच्यावर "दहा हजार पट" एवढेच लिहिलेले असते. किती मोलर, म्हणजे रंजकाची प्रत्यक्ष तीव्रता किती, ते नसते. जेलमध्ये डीएनएची पट्टी पाहणाऱ्याला हे चालून जाते, पण ढगाच्या उंचीवरून पेशीतल्या डीएनएची तुलना करणाऱ्याला पट म्हणजे कशाची पट हे कळायला हवे. याच नावाच्या धर्तीवर इतर पुरवठादारांकडून मिळणारी हिरवी रंजकेही मी वापरून पाहिली. त्यांतल्या एका पुरवठादाराच्या कुपीने एकूण संख्या अगदी बरोबर दिली, पण दोन्ही ढग किंचित खाली बसले, आणि जुन्या सीमारेषा तशाच वापरल्या असत्या तर जास्त डीएनएवाल्या गटातून बऱ्याच पेशी खालच्या गटात गेल्या असत्या. ज्याला केवळ एकूण संख्या हवी आहे त्याने असा पर्याय खुशाल घ्यावा. एकाच ठिकाणचे पाणी वर्षानुवर्षे पाहणाऱ्याने मात्र रंजकाचा उत्पादन-गट (बॅच) क्रमांक नोंदवहीत नमुन्याच्या क्रमांकाशेजारीच लिहावा. मी जुनी कुपी संपायच्या आधीच नवी मागवते, आणि त्यासाठी राखून ठेवलेल्या एकाच पाण्याच्या दहा गोठवलेल्या नळ्यांपैकी पाच जुन्या रंजकाने व पाच नव्याने रंगवून, मण्यांच्या ठिपक्यापासून दोन्ही ढग किती अंतरावर बसतात ते मोजून, ती दोन अंतरे वहीच्या त्याच पानावर उतरवल्याशिवाय नवी कुपी कामाला लावत नाही.